विचारा, सांगते : अंगठीतला खडा

प्रश्न : ताई, लेकीच्या साखरपुड्याला सोन्यात खड्याची अंगठी करायची आहे. हिरा झेपणार नाही. सराफ अमेरिकन डायमंड आणि मोइसनाइट दोन्ही दाखवतात. कुठला घेऊ?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोन्ही हिऱ्यासारखे दिसणारे, माणसाने बनवलेले खडे. अंगठीला मोइसनाइटच घ्या. माझ्या साखरपुड्याची अंगठी अमेरिकन डायमंडची, म्हणजे क्युबिक झिर्कोनियाची. कणीक मळताना, भांडी घासताना कधी काढली नाही. चार वर्षांत कडा बोथट झाल्या, खडा दुधाळ पडला. फार वाईट वाटलं होतं. ओरखडे न पडण्याच्या मोह्स मापावर त्याचा कठीणपणा 8 ते 8.5, मोइसनाइटचा 9.25, हिऱ्याचा 10. कानातल्यांना मात्र अमेरिकन डायमंड खुशाल चालतो, तिथे घासाघीस नसते.

मोइसनाइट भिंगाखाली जरा तिरपा धरून पाहा, मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात तसं दिसत नाही. हिरा ओळखायचं साधं, उष्णतेवर चालणारं टेस्टर मोइसनाइटलाही हिराच म्हणतं, त्याच्या आवाजावर जाऊ नका.

आणि बिल! खड्याचं नाव लिहून घ्या, वजन सोन्यातून वजा करायला लावा. झिर्कोनिया तेवढ्याच आकाराच्या हिऱ्याहून दीडपटीपेक्षा जड असतो; सोन्याच्या भावात तो मोजला, तर भुर्दंड तुम्हालाच. सोन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, भिंगातून स्वतः वाचा.