दिल्ली ते टोकियो विमानाने किती अंतर, किती वेळ? तिकिटावर येतानाचा वेळ जास्त का दाखवतात?

सरळ रेषेत साधारण 5,850 किलोमीटर. डायरेक्ट फ्लाइटला जाताना साडेसात-आठ तास, येताना साडेनऊ, कधी त्याच्याही वर. तुम्ही विचारलंय की वाटेत हॉल्ट लपवलाय का, एजंटने फसवलंय का. नाही, अजिबात नाही. आणि हे मी जोर देऊन सांगतेय कारण याच शंकेवरून आमच्या घरात जे झालं ते मी विसरलेले नाही.

माझी लेक टोकियोत निशिकासाईला राहते, तिकडे आपली माणसं बरीच आहेत. जानेवारीत तिचं बाळंतपण होतं, पुण्याहून टोकियोला थेट विमान नव्हतं म्हणून दिल्लीमार्गे जायचं ठरलं आणि तिकिटं मुलाने काढली, कॉलेजात होता तेव्हा, रात्ररात्र बसून भाव बघायचा. गणपतीत सगळे जमलेले असताना मोठ्या भाऊजींनी प्रिंटआउट हातात घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अरे, पुणे-मुंबई जाता-येता अंतर बदलतं का? दोन तास जास्त म्हणजे हे मधे कुठेतरी उतरवणार, तुझ्या गळ्यात मारलंय कुणीतरी." पोरगं आरतीचं ताट धरून तसंच उभं, कान लालबुंद, तोंडातून शब्द नाही. मला आजही राग येतो. माहीत नसेल तर विचारावं, चारचौघांत लेकराचा पाणउतारा करू नये.

कारण आहे वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात जपानवर तो ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने 1920च्या दशकातच तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून तो मोजला होता, म्हणजे ही काही नवीन गोष्ट नाही. विमानाचा स्वतःचा वेग ताशी 900च्या आसपास, जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. सीटसमोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड, म्हणजे वारा धरून जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग, दिसतो, जाताना तो हजाराच्या वर गेलेला आणि परतताना साडेसातशेच्या आसपास. दोन्हीचे फोटो काढून मी फॅमिली ग्रुपवर टाकले. भाऊजींचं उत्तर आलं, "विमान जुनं असेल." त्यावर काय बोलणार!

आणि एक, पुणे-दिल्ली तिकीट वेगळं काढू नका, सगळं एकाच पीएनआरवर घ्या. परतताना दिल्लीत इमिग्रेशन, मग बॅगा उचला, कस्टम्स, परत बॅगा द्या, यात वेळ जातो, आणि तिकीट वेगळं असेल तर पुण्याचं विमान चुकल्यावर जबाबदारी तुमची. माझ्या मुलाने थोडे जास्त पैसे घालून एकाच पीएनआरवर घेतलं होतं, त्याला फसलेला म्हणायचं?

हां, हा दोन तासांचा फरक हिवाळ्यातला. उन्हाळ्यात तो वारा मंदावतो आणि उत्तरेला सरकतो, तेव्हा फरक कमी होतो. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, जपान साडेतीन तास पुढे, ते धरून हिशोब करा. आणि टोकियोच्या दोन विमानतळांपैकी विमान नारिताला उतरतंय की हानेदाला तेही बघा, हानेदा शहरातच आहे, नारिता तिथून 60 किलोमीटरवर, पुढचा ट्रेनचा तासभर तिकिटावर कुठेच धरलेला नसतो.