वरची जागा रिकामी राहिली तरी कागद तळापर्यंत भरा

ताई, न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. "अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतल्यानंतरची ही पहिलीच अध्यक्षीय निवडणूक, आणि दोघांपैकी एकही उमेदवार पटत नाही. मग रांगेत उभं राहायचं कशाला?" असं तुम्ही विचारता. व्हिसा, ग्रीन कार्ड, बोटांचे ठसे करत इथवर आल्यावर हे वाट्याला यावं, याचा वैताग मला कळतो. पण "त्यापेक्षा घरीच बसेन" हे तुमचं वाक्य अजिबात आवडलं नाही.

अध्यक्ष ही मतपत्रिकेच्या कागदावरची एक जागा. खाली काँग्रेस (इथली संसद), काउंटी (म्हणजे जिल्हा), गावची कौन्सिल, गावच्या शाळा चालवणारं स्कूल बोर्ड असतं, कधी मतदारांना विचारलेला हो-नाहीचा एखादा सार्वजनिक प्रश्नही. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचा साधारण निम्मा भाग शाळांकडे जातो. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरात तुम्ही जो हप्ता भरता, त्यातल्या त्या पैशांचं बजेट स्कूल बोर्ड मंजूर करतं. सुपरिंटेंडंटची, म्हणजे शाळांच्या मुख्य अधिकाऱ्याची, नेमणूक आणि शिक्षकांचे करारही त्यांच्याच हातात. शाळेवरून व्हॉट्सअ‍ॅपवर तावातावानं लिहिणारी आपली माणसं त्या रकान्यापर्यंत पोचतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

काउंटी क्लर्ककडून पोस्टानं नमुना मतपत्रिका येते, ती कचऱ्यात टाकू नका. आमच्याकडे ती फ्रिजवर लावलेली असते आणि सगळे तळापासून वर वाचतात. बोर्डाच्या उमेदवारांची नावं तिथेच कळतात. मग बजेटवर आणि नव्या वर्गखोल्यांवर कोण काय बोललंय ते शोधा. "तिघांना मत द्या" असं छापलं असेल आणि एकच पटला, तर एकच खूण करा, चालतं. चौथी खूण झाली तर मात्र त्या पदासाठीच्या तुमच्या सगळ्या खुणा बाद. बाकीच्या पदांना धक्का लागत नाही. अध्यक्षाची जागा कोरी सोडली तरी खालची मतं मोजली जातात.

एका मतानं काय होतं म्हणता? 2017 साली व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजच्या एका विधानसभा जागेवर फेरमोजणीत एका मताचा फरक निघाला. मग एका मतपत्रिकेवर वाद झाला: दोन्ही उमेदवारांचे गोल भरलेले, त्यातल्या एकावर काट. न्यायाधीशांनी ते मत धरलं आणि दोघांची मतं 11,608 अशी समान झाली. जानेवारी 2018 मध्ये चिनी मातीच्या वाडग्यातून चिठ्ठी काढून निकाल लागला, आणि सभागृहातलं बहुमतही त्या चिठ्ठीवर ठरलं. चूक झाली तर काट मारू नका, नवी मतपत्रिका मागून घ्या.

आता अध्यक्ष. भारतात 2013 पासून नोटा आहे; इथे तशी सोय फक्त नेवाडात, तीही निकाल बदलत नाही. अनेक राज्यांत उमेदवार म्हणून आधी नोंदणी न केलेल्याचं नाव हातानं लिहिलं तर ते मोजत नाहीत. म्हणून माणूस आवडतो का, हे बाजूला ठेवा. अध्यक्ष सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सुचवतो, खात्यांचे प्रमुख नेमतो, व्हेटो वापरतो. यातलं तुमच्या घराला भिडणारं एक काम निवडा, इमिग्रेशन म्हणा किंवा आरोग्यविमा, आणि त्यावर दोघांनी आजवर काय केलंय एवढंच बघा. तरीही मन होत नसेल तर ती जागा कोरी ठेवा, पण ठरवून.

पोस्टानं मत देणार असाल तर आतल्या पाकिटाला जोडलेला सहीचा भाग फाडून वेगळा करू नका. सही नोंदणीच्या वेळची हवी; तिथे इंग्रजी आणि इथे मराठी असं झालं तर मत अडकतं. सही जुळत नाही असं पत्र आलं तर लगेच उत्तर द्या.

"यजमानांचं मत उलट आहे" यावर एवढंच, की मतपत्रिका दोघांना वेगवेगळ्या मिळतात. आमच्याही घरी पटत नाही, जेवण वेळेवर होतं.

सासूबाईंच्या मतदार नोंदणीचं मात्र गंभीर आहे. ग्रीन कार्डावर, म्हणजे नागरिक नसताना, मतदार नोंदणी करायचीच नाही. लायसन्सच्या काउंटरवर तो अर्ज पुढे येतो. "नागरिक आहे" या चौकटीत चुकूनही खूण झाली तर पुढचं नागरिकत्व अडकू शकतं, देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. त्या लायसन्स करायला जातील तेव्हा तुम्ही सोबत जा आणि सही करण्याआधी प्रत्येक ओळ त्यांना वाचून दाखवा.