ओकच्या सावलीत पेनसिल्व्हेनिया सेज लावलं तर लव्हाळ्यासारखं पसरेल का?

नाही पसरणार. पण तुमची धास्ती कळते. आमच्याही न्यू जर्सीच्या घरामागे मोठा ओक आहे आणि त्याखाली लॉन काही टिकेना. दोनदा बी टाकलं, दोन्ही वेळा वाया गेलं. शेवटी हे सेज (sedge, लॉनच्या जागी लावायचं गवतासारखं रोप) लावलं आणि व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. अख्खी हयात वावरातला लव्हाळा खणण्यात गेलेला माणूस, म्हणाले, "पैसे देऊन लव्हाळा आणलास?"

तसं कूळ एकच. एप्रिलमध्ये फुलोऱ्याची काडी दोन बोटांत फिरवून बघा, लव्हाळ्यासारख्याच तीन कडा लागतात. फरक जमिनीखाली आहे. लव्हाळ्याला गाठी असतात, खणताना एक जरी राहिली तरी पुन्हा फुटतो. याला गाठी नाहीत. जमिनीखालच्या आडव्या खोडाने हे इतकं सावकाश सरकतं की तुम्हीच कंटाळाल. मी फूटभर अंतरावर रोपं लावली होती, तिसऱ्या वर्षी कुठे मधली माती झाकली गेली.

बियांच्या नादी लागू नका, उगवण फार कमी. प्लगचा, म्हणजे छोट्या तयार रोपांचा, ट्रे घ्या, आणि लेबलवर 'कॅरेक्स पेनसिल्व्हॅनिका' हे पूर्ण नाव वाचून घ्या. नुसतं 'कॅरेक्स' मागितलंत तर जपानी जातही हातात पडू शकते. (बायकोला 'सेज लावतोय' म्हटलं तर तिला वाटलं स्वयंपाकातला तो सुगंधी पाला, sage!)

ओकखाली टिलर (माती उकरायचं यंत्र) अजिबात फिरवू नका, वर मातीचा जाड थरही नको. त्याची मुळं वरवरच असतात. मुळं चुकवत खुरप्याने रोपापुरता खड्डा करायचा, बस. मी सप्टेंबरात लावलं. पुढचा उन्हाळाभर आठवड्याला एकदा मुरेपर्यंत पाणी दिलं, त्यानंतर नाही. कोरडी सावली याला चालते.

फॉलमध्ये मात्र लक्ष ठेवा. ओकची ओली पानं गादीसारखी बसतात आणि खाली सेज गुदमरतं. मी ती गोळा करून मोव्हरखाली चुरा करतो आणि तोच पातळ पसरतो.

उंची आठ-दहा इंच, मग पातं एका अंगाला लवतं. कापायचंच तर मार्चमध्ये एकदा, तीन-चार इंचांवर. हरणं सहसा तोंड लावत नाहीत.

पोरं तिथे क्रिकेट खेळणार असतील तर मात्र नाद सोडा. आमच्या शेडच्या वाटेवर दोनदा मेलं, शेवटी तिथे फरश्या टाकल्या.