बूशेच्या चित्रात मादाम द पॉम्पादूर मेकअप करताना का दाखवलीये, हे तर खासगी काम ना?

खासगी नव्हतंच, निदान तिच्यासारख्या, म्हणजे फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या प्रेयसीसारख्या, दरबारी बाईचं तरी नाही, 18व्या शतकात फ्रान्समध्ये अशा बायका आरशासमोर बसायच्या तेव्हा भेटायला येणारी माणसं, अर्ज घेऊन आलेले लोक, व्यापारी सगळे समोर असायचे, गप्पा आणि कामं दोन्ही तिथंच उरकायची. म्हणजे एक प्रकारचा दरबारच म्हणा ना. हे चित्र आता हार्वर्डच्या म्युझियममध्ये आहे, झूम करून हात बघा, एका हातात रूजची, म्हणजे गालावरच्या लालीची डबी, दुसऱ्यात ब्रश, आणि मनगटावरच्या ब्रेसलेटमध्ये चक्क पंधराव्या लुईचा चेहरा कोरलेला! खरी गोष्ट तिथंय. बाई जन्मानं सरदार घराण्यातली नव्हती, 1745 मध्ये राजानं मार्कीझ हा सरदारी किताब दिला, आणि व्हर्सायच्या राजवाड्यात गालावरचा तो भडक रूज म्हणजे दरबारी रुबाबाची खूण, नॅचरल दिसावं म्हणून लावतच नव्हते. त्यामुळे राजाचा चेहरा मनगटावर मिरवत स्वतःच्या हातानं रूज लावणं म्हणजे माझी जागा इथं आहे हे ठणकावून सांगणं, असं मला तरी वाटतं.

फक्त एक, हे चित्र म्हणजे रोजच्या सकाळचा फोटो समजू नका. अंघोळ वगैरे आधीच आतल्या आत उरकलेली असायची, लोकांसमोर व्हायचा तो पावडर-रूजचा शेवटचा भाग. शिवाय बूशे तिचा लाडका चित्रकार, म्हणजे बाई देखणी दिसणारच.