चोचीत काय आहे ते बघ

पोरी,

तुझा मेसेज वाचला. सुट्टीत भीमगडला घेऊन चल म्हणतेस, धनेश पक्षी बघायचाय, नवीन कॅमेरा पण घेतलायस. नेईन की, पण यंदा नको. ते अभयारण्य २०११ ला जाहीर झालं, जवळपास १९० चौरस किलोमीटरचं दाट जंगल आहे, त्यात एक दिवस जाऊन आलं तर उंच पानांत काहीतरी हललं एवढंच पदरात पडतं आणि संध्याकाळी दमून घरी. तुझ्या बेळगावच्या वडगावातल्या घरामागं चांगलं परडं आहे, आंबा आहे, कढीपत्ता आहे, जास्वंद आहे, विहिरीजवळ शेवगा आहे. हा उन्हाळा तिथंच काढ, आत्तापासून मृग निघेपर्यंत. मनापासून सांगते, तुला त्यातनं जे कळंल ते जंगलात एका दिवसात कुणी सांगू शकत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा विजापूर-सोलापूरसारखा नुसता भाजणारा नाही. आपण साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर, एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर ढग भरून येतात, वळीव पडतो, माती भिजते, पालवी असतेच, आणि मग किडे, अळ्या, कोळी सगळं वाढायला लागतं. पक्ष्यांना नेमकं तेच पाहिजे असतं कारण पिल्लं किड्यांवर वाढतात. म्हणून बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट, कावळे सगळ्यांची घरटी ह्याच दिवसांत. थंडीत धुपदाळला पाहुणे पक्षी बघायला आपण गेलो होतो ते वेगळं, ते येतात, खातात, परत जातात. उन्हाळ्यात जे दिसतात ते इथले, आणि ते संसार मांडत असतात.

आता माझं एकच सांगणं आहे. पक्षी दिसला की पहिल्यांदा रंग बघू नको, नाव शोधू नको, त्याच्या चोचीत काय आहे ते बघ. मोबाईलवर मर्लिन अ‍ॅप घेतलंयस, आवाज ऐकवला की ते नाव सांगतं, चांगलं आहे, वापर. पण नाव कळलं की पोरं पुढच्या पक्ष्याकडं पळतात आणि खरी गोष्ट तिथंच राहून जाते. चोच बघितलीस तर घरट्याच्या जवळ न जाता घरट्यात काय चाललंय ते सगळं कळतं.

चोचीत काडी, गवत, कोळ्याचं जाळं असलं म्हणजे बांधकाम चालू आहे. शिंपी कापूस किंवा जाळ्याचे धागे नेताना दिसेल, मोठ्या पानाच्या कडांना भोकं पाडून त्यातनं ते ओवून पानाची पिशवी करतो, तुमच्या अंगणातल्या रुंद पानांच्या झाडात कुठंतरी असणारच. मग काही दिवस चोच रिकामी. तेव्हा वाटतं पक्षी गेले, घरटं सोडलं, पण तसं नसतं, अंडी घातलेली असतात आणि एकजण बसलेला असतो. बुलबुलाला उबवायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यानंतर एके दिवशी सकाळी तोच बुलबुल चोचीत हिरवी अळी धरून तारेवर बसलेला दिसतो, अळी खात नाही, इकडं तिकडं बघतो, परत बघतो आणि मग झाडात शिरतो. तारीख लिही, पिल्लं बाहेर आलीत. बुलबुल एरवी फळं खाणारा, तुमच्या कढीपत्त्याची काळी फळं तोच संपवतो, पण लहान पिल्लांना किडेच भरवतो. शिंजीर पण तसाच, स्वतः जास्वंदीतला मध पितो आणि पिल्लांना कोळी नि बारीक किडे नेतो. आणि घरट्यातनं बाहेर येताना चोचीत पांढरी छोटी पिशवी दिसली तर ती पिल्लांची शी. ती पातळ पिशवीतच पडते, आईबाप उचलून लांब नेऊन टाकतात म्हणजे घरटं स्वच्छ राहतं आणि साप-मांजराला वास लागत नाही. हे पहिल्यांदा दिसलं की अंगावर काटा येतो बघ.

होल्यावर मात्र हे चालत नाही. होला पिल्लांना गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं घट्ट पाझर भरवतो, पारव्यांचंही तेच, त्यामुळं त्यांच्या चोचीत किडा कधीच दिसणार नाही. त्यांच्या बाबतीत काड्या नेताना बघ आणि नंतर अंड्यांवर बसायची पाळी किती वेळाने बदलतात ते लिही.

कावळा आणि कोकीळ हा तर वेगळा धडा. एप्रिल-मे मध्ये कावळे काड्या, तारांचे तुकडे न्यायला लागले की कुठल्या झाडावर जातात ते बघून ठेव. कुहूकुहू करणारा काळा तो नर, मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, ती किक् किक् किक् असं भराभर ओरडते, लोकांना तो दुसराच कुठला पक्षी वाटतो. नर पुढं जाऊन कावळ्यांना चिडवतो, कावळे त्याच्या मागं लागतात आणि तेवढ्यात मादी घरट्यात अंडं घालून मोकळी. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या आधी फुटतं. पण आपल्या कोकिळेचं पिल्लू युरोपातल्या कोकिळेसारखं कावळ्याची पिल्लं बाहेर ढकलत नाही, बऱ्याचदा दोन्ही एकत्र वाढतात. जून-जुलैत एखादा कावळा स्वतःपेक्षा वेगळ्याच पिल्लाच्या लाल तोंडात घास घालताना दिसला तर फोटो नाही काढलास तरी चालेल, पण बघत बस.

घरट्याजवळ जायचं नाही. हे मी कडक सांगते. फांदी वाकवून फोटो काढायचा नाही, पानं बाजूला करायची नाहीत, मोबाईलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, त्याला वाटतं दुसरा नर आलाय आणि तो पिल्लं सोडून भांडायला येतो. तुझ्या मागावर कावळा आणि मांजर दोघं असतात, तू कुठं वाकून बघतेस ते त्यांना बरोबर कळतं. लांब खुर्ची टाकून बसायचं, आजीच्या मिरच्या वाळत घातल्यात तिथं सावलीत, तेवढ्यावरनं सगळं दिसतं.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर लगेच खोक्यात घालून घरात आणायचं नाही. बुलबुलाची, दयाळाची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरटं सोडतात, आईबाप जवळच असतात. मांजर आत कोंड, पिल्लू उचलून जवळच्या झुडपात ठेव आणि लांब हो. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते हे खोटं आहे, आपल्याकडं सगळे सांगतात पण तसं काही नाही.

पाणी ठेव. कुंडीखालची मातीची पसरट ताटली घे, दोन बोटांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड, आणि रोज सकाळी पाणी ओतून घासून नवीन भर, नाहीतर डास होतात. झुडपापासून थोडी लांब ठेव म्हणजे मांजर दबा धरून बसणार नाही. धान्य मात्र टाकू नको, माझं हे मत बऱ्याच जणांना पटत नाही. तांदूळ, शेव टाकली की पारवे जमतात आणि शिंप्याला, शिंजीराला त्याचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा भाजीवर औषध मारू नका म्हणून बाबांना सांग, अळ्या राहिल्या तर पिल्लं राहतील. लिंबावर पक्ष्याच्या शीसारखी दिसणारी अळी असेल तर ती फुलपाखराची, तिला राहू दे. आणि आंब्याची वाळलेली फांदी पावसाआधी तोडायची घाई करू नका. तांबट टुक टुक टुक करत असतो ना, तो तसल्याच वाळक्या लाकडात गोल भोक पाडून राहतो, भोक पाडताना चोचीत भुसा आणून बाहेर फेकतो. ज्या फांदीनं कुणाला इजा होणार नाही ती राहू दे एवढंच.

पहिला जोराचा वळीव पडला की दुसऱ्या दिवशी पहाटे उठ, काही झालं तरी उठ. जमिनीतनं वाळवीची पंखवाली पाखरं निघतात आणि अख्खं परडं जेवायला येतं. कोतवाल हवेतल्या हवेत पकडतो, साळुंक्या जमिनीवरनं टिपतात, बुलबुल, दयाळ, कावळे, पाली, बेडूक, खारी सुद्धा, वरनं घारी फिरत असतात. सरडा, ज्याचं डोकं नि गळा सध्या लालभडक झालाय, तो पण भिंतीवर बसून खातो. अर्ध्या-पाऊण तासात सगळं संपतं. वहीत कोण कुठं होतं ते नुसतं उतरवून घे, नंतर वाचताना तुलाच कळेल कोण कुणाला हाकलत होतं.

येळ्ळूरकडं मामाच्या शिवारात गेलीस तर धूळवाफ पेरणीच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करतात त्या पेरणीच्या आधी मोकळ्या रानात टिटवी बघ. ती उघड्या जमिनीवर चार अंडी घालते, ढेकळांच्या रंगाची, पाय पडला तरी कळणार नाहीत, म्हणून ती ओरडायला लागली की मागं फिर. भर उन्हात पाण्यात पोट भिजवून येते आणि अंडी गार करते. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असं मामा सांगेल. त्यावर वाद घालू नको, जागा नि तारीख लिही आणि पाऊस किती झाला ते नंतर त्याच्याकडनंच विचारून शेजारी लिही. पावशाचं पेर्ते व्हा ऐकू आलं तर ती पण तारीख पाहिजे.

मे संपताना जांबोटी-कणकुंबीकडं काजवे दिसतात, तिकडं आपण सगळे मिळून जाऊ, गाडीचे लाईट बंद करून उभं राहायचं, टॉर्च-फ्लॅश काही नाही. आणि ७-८ जूनला मृग निघाला की बांधावर लाल मखमली मृगाचा किडा शोध, हातात घेऊन परत ठेवायचा.

वही साधी पाहिजे, तारीख, वेळ, कोण, चोचीत काय, कुठं गेला. बाकी सुशोभित काही नको. पाऊस लागला की सुगरणी विणायला बसतील, मार्कंडेय नदीच्या काठाला मला एक चांगली बाभूळ माहिती आहे. तिथं चोचीत हिरव्या पात्याच्या लांब चिरफाळ्या दिसतील आणि त्या सगळ्या नरच आणतो, अर्धं घरटं विणून थांबतो, मादीनं येऊन पसंत केलं तरच पुढं विणतो. जुलैच्या पहिल्या रविवारी सहाला घ्यायला येते, रेनकोट आणि वही दोन्ही पिशवीत ठेव.

तुझी आत्या