बोव्हेचं अर्धं कॅथीड्रल

प्रश्न : मुलाकडे फ्रान्सला गेलो होतो, तेव्हा बोव्हे गावचं कॅथीड्रल पाहिलं. भिंती बघाव्यात तर जवळजवळ सगळी काचच, आणि चर्च अर्धंच! इथे आमच्या जांभ्याच्या घराला मोठी खिडकी मागितली तर गवंडी मान हलवतो. मग त्यांचं दगडी छत उभं कसं राहिलं? आणि अर्ध्यावर का सोडलं?
– एक वाचक, दापोली

उत्तर : गवंड्याशी वाद घालू नका, तो बरोबर आहे.

दोन मंगलोरी कौलं फरशीवर एकमेकांना टेकवून उभी करा. पाय फाकतील आणि दोन्ही आडवी होतील. आता दोन्हीकडून बाहेरून एकेक चिरा लावा, राहतील. (जुनी कौलं घ्या. आमच्या नातवाने एक नवं कोरं फोडलं.) दगडी कमान भिंतीला असाच बाहेर रेटा देते. आपण त्यावर भिंतच जाड करतो. गॉथिक, म्हणजे मध्ययुगात अशी उंच चर्चं बांधण्याच्या शैलीतल्या, गवंड्यांनी कमान टोकदार केली, त्याने रेटा कमी झाला. उरलेला त्यांनी इमारतीबाहेर उभ्या केलेल्या दगडी टेकूंवर नेला. बाहेरून कमानीसारखे झेपावलेले दिसतात ना, तेच. त्या टेकूंच्या डोक्यावरचे सुळकेही निव्वळ नक्षी नव्हेत. पावसाळ्यात आपण पत्र्यावर चिरे ठेवतो, तसं ते वजन आहे. आता भिंतीला सोसायचंच काही उरलं नाही, म्हणून तिथे काच.

बोव्हेवाल्यांना मात्र हे फार सोपं वाटलं असावं. 1225 साली काम सुरू झालं. आतलं छत नेलं 48 मीटरवर. पॅरिसच्या नोत्र दामचं 33 आहे. पूर्वेकडचा भाग 1272 मध्ये पुरा झाला आणि बारा वर्षांत, 1284 ला, छताचा काही भाग कोसळला. दुरुस्ती करताना दोन खांबांच्या मध्ये आणखी एकेक खांब घातला. तिथल्या कमानी अरुंद का, हे तुम्हाला आता कळेल.

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? 1569 मध्ये मधोमध मनोरा चढवला, जमिनीपासून 153 मीटर! चार वर्षांनी, 1573 च्या येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, लोक मिरवणुकीने बाहेर पडले आणि मागे तो खाली आला. पैसे डागडुजीतच गेले. लोक बसतात तो पश्चिमेकडचा लांब भाग झालाच नाही.

त्या जागेवरचं बसकं, जुनं चर्च पाहिलंत का? दहाव्या शतकातलं. नव्यासाठी ते पाडायचं होतं. मुख्य चर्चमध्ये आज लाकडाचे आणि पोलादाचे टेकू लावलेत, आणि हे शेजारी अजून उभं आहे.

तुमच्या खिडकीचं म्हणाल, तर कमान घाला, पण घराच्या कोपऱ्यापासून लांब. दोन्ही बाजूंना भरभक्कम भिंत राहू द्या.