एचबीओच्या मालिकेतला पेरी मेसन मूळ कादंबऱ्यांपासून इतका वेगळा का?

तुमची तक्रार अशी, की दारू पिणारा, फाटका, तोट्यातली डेअरी कशीबशी सांभाळणारा या मालिकेत अभिनेता मॅथ्यू ऱ्हीसने रंगवलेला वकील मेसन म्हणजे मूळ पात्राची मोडतोड. मला नाही पटत. तुम्ही ज्याला मूळ समजताय तो बहुधा जुन्या टीव्ही मालिकेतल्या रेमंड बर या नटाचा मेसन आहे, कादंबऱ्या लिहिणाऱ्या गार्डनरचा नव्हे.

1933 ची पहिली कादंबरी काढा, ‘द केस ऑफ द व्हेल्व्हेट क्लॉज’. ईव्हा बेल्टर खोटं नाव सांगून ऑफिसात येते. पुढे तिच्या नवऱ्याचा खून होतो, तेव्हा ‘मेसनचाच आवाज ऐकला’ म्हणून ती आपल्याच वकिलाला गोवते. तरी हा वकीलपत्र सोडत नाही! त्यानंतरच्या ‘क्युरिअस ब्राइड’मध्ये तर पठ्ठ्या साक्षीदारांना गोंधळात पाडायला दारावरची बेलच बदलतो. आपल्याकडे सनद गेली असती. गार्डनर स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेला. कायदा कुठवर ताणता येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओने तीसच्या दशकात काढलेले मेसनचे सहा सिनेमे सोडून द्या. एकात तर मेसन आपली सेक्रेटरी डेलाशी लग्न करून मोकळा होतो. गार्डनर त्यांवर नाखूश होता, म्हणून टीव्हीच्या वेळी त्याने स्वतःची निर्मितीसंस्था काढून सूत्रं हातात ठेवली.

ती बरची मालिका: 1957 ते 1966, 271 भाग. बर आधी सरकारी वकील बर्गरच्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला आला होता, म्हणतात ना, नशीब! तासाभरात निकाल लागायचा, म्हणून खुनी कोर्टातच ढसाढसा कबुली देणार. बरेचसे खटले प्राथमिक सुनावणीचेच, म्हणजे ज्युरी बसवायची कटकट नाही. या साच्यात मेसन सभ्य, शांत, जवळजवळ अचूक झाला आणि त्याचा लबाडपणा गळून पडला.

एचबीओने तोच लबाडपणा परत आणलाय. 1932 चं लॉस एंजेलिस, मेसन अजून साधा खासगी डिटेक्टिव्ह. वकील होतो तो कसा? वकिलाच्या हाताखाली उमेदवारी केल्याची खोटी कागदपत्रं डेला बनवते आणि परीक्षेची तयारी बर्गर गुपचूप करून घेतो. याहून गार्डनरछाप काय हवं? शिवाय साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कुणी कबुली देत नसतं, हेही बर्गरच त्याला सुनावतो. बरच्या मालिकेला मारलेला तो टोमणा मला फार आवडला.

एक मात्र मान्य: कादंबरीतला मेसन स्वतःवर कधी शंका घेत नाही, ऱ्हीसचा सारखाच घेतो, आणि दुसऱ्या सीझनमध्ये त्या कुढण्याचा कंटाळा येतो. तिथे मी डेला आणि मेसनचा तपासनीस पॉल ड्रेक यांच्यासाठीच बघत होतो.